एक खांदा गादीला

रंगाऱ्याला सगळे भिंगरी म्हणत. जेवायला बसला तरी त्याचा एक गुडघा हलत असायचा. असा माणूस दोन महिने पलंगावर निजून राहायला तयार झाला, तेव्हा ताईनं विचारलं, "मंगळावर रंगकाम निघालंय का?"

निघालं होतं तसंच काहीसं. मंगळाच्या वाटेवर अंगाला वजन उरत नाही. मग हाडं झिजतात, स्नायू सुकतात. ते जमिनीवरच तपासायचं, तर धडधाकट माणसाला पायांपेक्षा डोकं खाली करून निजवायचं. यातून जे कळेल ते अंथरुणाला खिळलेल्यांच्याही कामी येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि भिंगरीनं सही ठोकली. अपघातात कंबरेखालचं बळ गेल्यापासून ताई अंथरुणातच होती. हा भाऊ मात्र दारातूनच "बरी आहेस ना?" म्हणून पुढच्या कामाला पळायचा.

नियम एकच. जेवताना, अंग पुसताना, कूस बदलताना एक खांदा गादीला टेकलेलाच हवा.

डोक्यात रक्त उतरायचं, नाक चोंदायचं, पाठ जळायची. छताला एक पोपडा सुटला होता, कुणीतरी ओलीवरच रंग फासलेला. तो बघून त्याचे हात शिवशिवत.

"सिस्टर, काठीला ब्रश बांधून द्या. निजल्या निजल्या उरकतो."

"हात गप ठेवा, भाऊ," नर्स म्हणे.

शेवटचा आठवडा उरला असताना ताई चाकाच्या खुर्चीतून भेटायला आली. "तोंड कसं सुजलंय तुझं. मंगळावरचे घाबरतील." हसता हसता तिच्या मांडीवरची चष्म्याची डबी खाली पडली. ती वाकली. खुर्ची करकरली. भिंगरी ताडकन उठून बसला, तिचे खांदे धरून त्यानं तिला मागं ओढलं. खोली गरगर फिरली.

"अरे, मी पडत नव्हते," ताई म्हणाली. "वाकत होते. एवढे महिने तेच तर शिकले. तुला दाखवायलाच आले होते."

डॉक्टरीणबाई आल्या. कॅमेऱ्यात सगळं दिसलं होतं. "आजवरचं किती वापरता येतं ते बघू. पण पुढचं गेलं, भाऊ. आता सावकाश उठलात तरी चालेल."

याच वाक्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. त्याचा एक पाय पलंगावरून खाली लोंबलाही.

"नीज," ताई म्हणाली.

"आता कशाला? ऐकलंस ना?"

"माझ्यासाठी नीज. कधी नव्हे ते गप पड आणि बघ."

तो निजला. खांदा गादीत रुतवला. ताईनं एका हातानं खुर्चीचा दांडा धरला, दुसरा खाली सोडला. बोटं लागली तशी डबी पुढं सरकली. भिंगरीची मूठ वळली, सुटली, पुन्हा वळली.

"उजवीकडं," तो एवढंच बोलला.

"दिसतंय मला," ताई खालून म्हणाली.