मायनं समुद्रासाठी नेलेला नारळ

दोस्तहो, आज डोकं लय फिरलं माझं. आमच्या वाशिमजवळच्या मालेगावातल्या एका गाईडनं जाहिरात टाकली होती, "घनदाट वर्षावन आन् जंगली बीच, अर्ध्या दिवसात." मी मायले घेऊन गेलो.

वर्षावन म्हणजे रांगेनं लावलेला साग. बीच म्हणजे धरणाचा काठ, आन् त्यात म्हशी डुंबून राह्यल्या होत्या. मी गाईडवर असा भडकलो, की कॉलर धरायचंच बाकी होतं. तो म्हणे, "सर, मी बीच म्हटलं. समुद्र कधी म्हटलं?"

तेवढ्यात मायनं वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. "हे तं गोड हाय रे." तिनं पिशवीत खण-नारळ आणला होता, समुद्राची ओटी भराले.

मंग माझ्याकडं पाहून म्हणे, "तो बीच म्हणे. मंग समुद्र दाखवतो म्हणून मले कोणं आणलं?"

मीच आणलं होतं. ती कितीक वर्षांपासून समुद्र पाहाचा म्हणते, आन् मी दरसाल पुढच्या सुट्टीवर ढकलतो. शाळेत भूगोल शिकवतो मी! वाशिमहून अर्ध्या दिवसात समुद्र येत नाही, हे मले माहीत नव्हतं काय? वाटलं, मोठं पाणी दिसलं म्हणजे झालं, तिले काय समजते.

तिनं ओटी भरलीच नाही. "हा नारळ त्याचा हाय. याले कायले देऊ?"

घरी आल्यावर तिनं नारळ कानाशी हालवून पाह्यला, आन् पिशवी खुंटीले टांगली.

नारळ सुकायच्या आत खऱ्या समुद्रावर पोचाचं हाय. कोणत्या गाडीनं जाऊ, सांगा बरं.