घारापुरीचे प्रायश्चित्त

१९५६ सालचा जानेवारी, अकोल्यातले आमचे घर, जमलेली रक्कम एकशे साठ रुपये. हजर चौघे: मी, पत्नी, तिचा वकील भाऊ आणि अमरावतीहून आलेले त्या दोघांचे मामा. मेहुण्यांचे मुंबईत कोर्टाचे काम होते. त्या निमित्ताने समुद्रातल्या घारापुरी बेटावरची लेणी पाहून यावीत, असा बेत. तो अडला मामांवर.

मामा भिक्षुकी करत. पौषात लग्ने नसल्याने मोकळे होते आणि गुहेतला महादेव पाहायची त्यांना फार इच्छा होती. पण त्यांचे सर्वांत मोठे यजमान म्हणजे धामणगावचे एक कापसाचे व्यापारी, सोवळ्याओवळ्याचे कडक. समुद्र ओलांडू नये हा जुना नियम ते अजून मानत. वैशाखात त्यांच्या मुलीचे लग्न मामांनी लावायचे होते. समुद्रप्रवासाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर ते लग्न जाईल आणि मागोमाग नात्यातली दहा-बारा घरेही जातील, ही मामांची धास्ती.

मेहुण्यांनी युक्तिवाद सुरू केला. ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही तो समुद्र. मुंबई आणि बेट यांच्यामध्ये सगळीकडून जमीन दिसते, म्हणून ते फार तर मोठे तळे.

"मंग ते खारं कावून आहे?" मामांनी विचारले.

"मामा, आपल्या पूर्णाकाठच्या विहिरी खाऱ्याच हायेत. तिथं आंघोळ करून कोणी बाटते का?"

पत्नीने तेवढ्यात त्यांचे धोतर-उपरणे पिशवीत भरून टाकले. जमीन कुठे नजरेआड होते का, यावर लक्ष ठेवायचे काम माझ्याकडे आले.

अपोलो बंदरावरून निघालेल्या लाँचमध्ये मामा अगदी मधोमध बसले. कडेला बसलो तर जास्त समुद्र लागेल, असा काहीसा त्यांचा हिशेब असावा. वाटेत त्यांनी एकदाच उठून बोट पाण्यात बुडवले, जिभेला लावले आणि मेहुण्यांकडे नुसते पाहिले. मी सांगितले की दोन्हीकडे जमीन दिसते आहे. पत्नी म्हणाली की तिला पलीकडच्या काठावरची झाडेही दिसताहेत. तिला लांबचे बरे दिसते, त्यामुळे मी ते धरून चाललो.

धक्क्यावरून पायऱ्या चढून आम्ही मोठ्या लेण्यात गेलो. एवढे खांब आणि एवढी सावली मी एका छताखाली पाहिली नव्हती. मामांनी पिंडीवर बेल वाहिला. बाकीच्या मूर्तींपैकी पुष्कळांचे हात-पाय तुटलेले. खंडित मूर्तीची पूजा चालत नाही, पाहायला मात्र हरकत नाही, असे त्यांनी आम्हाला समजावले, आणि तीन मुखांच्या त्या प्रचंड मूर्तीसमोर जे उभे राहिले ते हलेनात. तेवढ्यात एका माकडाने त्यांच्या पिशवीतली केळी नेली, त्याचेही त्यांना भान नव्हते.

मग टेकडीवरची पायवाट धरली. ताड, चिंचा, मध्येच पाणी साचलेल्या अर्धवट गुहा. नऊवारी लुगडे खोचून पत्नी सर्वांत पुढे, मेहुणे सर्वांत मागे. माथ्यावर पोचलो आणि मामांनी नैऋत्येकडे हात केला. तिकडे आभाळापर्यंत नुसते पाणी होते.

"वकीलसाहेब, त्या आंगाचा काठ कुठं हाय?"

मेहुण्यांना धाप लागली होती. ते म्हणाले की आपण त्या बाजूने आलोच नाही. मामा हसले, पण उतरताना मला म्हणाले, "जावईबापू, मले हे लपवता येनार नाही. मी स्वतःच जाऊन सांगतो."

परत आल्यावर मेहुण्यांची नेमकी कोर्टाची तारीख निघाली, म्हणून मामांबरोबर धामणगावला मी गेलो. शेठजी गादीवर बसले होते. चहा आला. मामांनी कप बाजूला सारला आणि आधी सगळे सांगून टाकले, टेकडीवरून दिसलेल्या पाण्यासकट. शेठजींनी मला विचारले, प्रवासात काठ दिसत होता का. दिसत होता, असे मी सांगितले. मामांचा कप तसाच निवत होता.

"देव कसा हाय?" शेठजींनी विचारले.

मामांनी दोन्ही हात पसरले, ते पुरेनात म्हणून उभे राहिले. "तीन तोंडं. मधलं डोये मिटून बसलं हाय. त्याच्यासमोर मले एकबी मंत्र आठवला नाही, शेठजी."

शेठजींनी मान हलवली. प्रायश्चित्त आत्ताच घ्या, लग्न तुम्हीच लावायचे, आणि खर्च माझा, असे ठरले. मग आवाज उतरवून त्यांनी पुसले, "वैशाखानंतर आमी सात जनं जाऊन येतो म्हनतो. आमचं बी आजच आगाऊ उरकलं तं चालते का?"

"आगाऊची सोय शास्त्रात नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

गावातल्या एका वृद्ध भिक्षुकांना बोलावणे गेले. ते आले, हकिगत ऐकली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बी गेले होते ना?" साक्ष देऊन बसलेला माणूस नाही कसे म्हणणार? घरून आणखी कोण होते, तेही त्यांनी काढून घेतले. त्या दिवशी त्यांना शेठजींकडून मामांबद्दल सव्वापाच रुपये, आणि माझ्याकडून मी, पत्नी व वकीलसाहेब अशा तिघांबद्दल, माणशी सव्वा रुपयाप्रमाणे, पावणेचार रुपये रोख देण्यात आले.