इलाहीचाचांचे तीन मिलीमीटर

कुपवाडच्या त्या कारखान्यात इलाही शिकलगार एकोणिसाव्या वर्षी तांब्याच्या पट्टीवर कागद गुंडाळायला लागले आणि बावन्नाव्या वर्षी तिथंच ट्रान्सफॉर्मरचं डिझाइन करत होते. शिकवलं कुणीच नव्हतं. जळून आलेला ट्रान्सफॉर्मर उघडायचा, कुठं नि का जळला ते बघायचं, ही त्यांची शाळा. डिग्री नसलेल्या माणसाला दुसरं कुणी त्या खुर्चीवर बसवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मालकांनाही.

पाटणकडच्या एका सबस्टेशनाची ऑर्डर आली. ट्रान्सफॉर्मर जुन्याच ओट्यावर बसवायचा होता. दोन्ही बाजूंना आग अडवणाऱ्या भिंती, वर आडव्या तारा. म्हणजे रुंदीही ठरलेली आणि उंचीही. किती वीज वाया गेली तर चालेल, तेही कागदावर बांधलेलं. दर तर मालकांचा मुलगा उदयसिंह आधीच देऊन बसला होता.

चाचा आठ दिवस आकड्यांत अडकले. मधला लोखंडी कोर जाड केला की त्याच्याभोवती एकात एक बसणाऱ्या दोन वाइंडिंगचे वेढे कमी लागत, तांबं वाचे; पण लोखंड वाढून वाया जाणारी वीज हद्दीबाहेर जाई. कोर बारीक केला की वेढे वाढत आणि तांबं दराच्या डोक्यावर बसे. एकीकडं दाबावं तर दुसरीकडं फुगायचं.

"चाचा, आतल्या नि बाहेरच्या वाइंडिंगमधली जागा तीन मिलीमीटर कमी करा की. सगळं बसतंय," उदयसिंह म्हणाला.

"ती रिकामी जागा न्हाई, दादा. लाइनीवर वीज पडली तर तीच आडवी ऱ्हाती."

"तीन मिलीमीटर मागतोय. तुमच्या रानातला बांध मागत न्हाई."

"बांध कोरला तर भांडून परत घिता येतो."

चाचांनी दुसरी वाट सुचवली. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला चिकटलेले, तेल थंड करणारे रेडिएटर काढून मागं वेगळ्या सांगाड्यावर ठेवायचे, म्हणजे टाकीला भिंतीपर्यंत जागा मिळेल. पण त्याला जादा पाइप, जादा व्हॉल्व, जादा खर्च. उदयसिंहानं कागद नुसता उलटा ठेवला.

जागा कमी करून सही करायला चाचा तयार झाले नाहीत. सोमवारी त्यांच्या खुर्चीवर शिवतेज नावाचा नवा इंजिनिअर बसला आणि चाचांना वाइंडिंग खात्यात पाठवलं.

"सोडा की ती नोकरी," घरी त्यांच्या पत्नी अख्तरबी म्हणाल्या.

"आन् जाऊ कुठं? दुसरं काय येतंय मला?"

पंधरा दिवसांनी ड्रॉइंग खाली आलं. जागा तीन मिलीमीटर कमी, खाली शिवतेजची सही. आणि काम चाचांच्याच मशीनवर लागलेलं.

"न्हाई म्हणा की, चाचा," शेजारच्या मशीनवरचा अर्जुना पुटपुटला.

"एकदा म्हणलोय. म्हणून तर हितं हाय."

त्यांनी आधी पंखे बंद करायला लावले, धूळ उडायला नको म्हणून. ज्यावर वेढे घ्यायचे ती कागदी नळी पांढऱ्या फडक्यानं पुसली, उजेडाकडं धरून पाहिली, पुन्हा पुसली. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला. एकेक वेढा लाकडी हातोडीनं हलके ठोकून बसवला, मोजला. जरा जास्त भरला तर उलगडून परत घेतला. एवढ्याशा फटीत कचऱ्याचा कणही राहून चालणार नव्हता. दोन दिवसांचं काम पाचव्या दिवसावर गेलं.

उदयसिंह घाम पुसत आला. "चाचा, लग्नाचा शालू विणताय का?"

चाचांनी मान वर केली नाही. "जागा कमी दिलीसा, दादा. आता येळ तरी कमी दिऊ नगा."

"उद्या दुपारपर्यंत पायजे," म्हणून तो गेला. अर्जुनानं पंख्याच्या बटणाकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ दे बंदच," चाचा म्हणाले आणि त्यांनी पुढचा वेढा घेतला.