लाल चिंधीचा कॅन

"तोंडातलं गाव आधी बाहेर काढ," सर म्हणाले.

सगळा वर्ग ऐकत होता. मी फळ्याजवळ उभी, हातात लाकडी पट्टी. आमच्या डेअरीच्या प्रोजेक्टची ती तालीम होती आणि माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निघून गेलं होतं. एकदाच. मागच्या बाकावरून कुणीतरी 'शे शे' करत बकरी हाकल्यासारखा आवाज काढला. सरांनी त्याला गप्प केलं नाही. मला खाली बसवलं. म्हणाले, जळगावला डेअरीच्या मालकांसमोर, शेठजींसमोर, निखिल बोलेल. तुझं अक्षर चांगलं आहे, तू ट्रान्सपरन्सीचे पारदर्शक कागद लिही आणि प्रोजेक्टरवर बदलत जा.

"निखिलने चुटकी वाजवली की पुढची. समजलं?"

मी मान हलवली. 'हो' म्हणायचीसुद्धा भीती वाटली. न जाणो, त्यातूनही गाव बाहेर पडायचं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी धुळ्यात, पांझरेच्या पलीकडे देवपुरात एम.बी.ए. करत होते. आमच्या बौद्धवाड्यातून एवढं शिकणारी मीच पहिली. दुसऱ्या वर्षाला आम्हाला एखाद्या खऱ्या धंद्यात जाऊन त्यांची अडचण शोधून द्यायची होती, सल्लागारासारखी. त्याला भरपूर मार्क होते. आम्हा चौघांच्या गटाला जळगावची एक खासगी डेअरी मिळाली. गावांतून येणारं दूध कमी होत चाललं होतं. ते का, एवढाच प्रश्न. निखिल गटाचा प्रमुख होता. धुळ्यातल्या मोठ्या वकिलाचा मुलगा, इंग्रजी फाडफाड, बूट रोज पॉलिश केलेले.

ते तिघं एकदाच खेड्यात आले. बायका पदर ओढून आत गेल्या, पुरुष निखिलच्या बुटांकडे बघत राहिले. कुणी काही बोललं तरी ह्यांना अर्धं कळेना. परतताना निखिल म्हणाला, पुढची गावं तूच कर, तुला त्यांची भाषा येते. 'त्यांची' म्हणाला. मीही त्यांचीच, हे बोलून दाखवायचं धाडस मला झालं नाही. वसतिगृहात मी रोज आरशासमोर उभी राहून 'आहे, आहे, आहे' घोकत होते. माझ्या खोलीतल्या मुलींना वाटायचं, मी नाटकात काम करते.

उन्हातान्हात मी एकटी फिरले. एसटीने, कधी ट्रॅक्टरवर बसून. सोनगीरच्या पलीकडे माझं स्वतःचं गाव आहे, तेही डेअरीच्या गावांत होतं. तिथलं दूध सेंटर मी लहानपणापासून बघत आले होते. पण सर्व्हेचे कागद हातात घेऊन बघितलं तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

सेंटरच्या ओट्यावर कॅन ओळीने मांडलेले असायचे. एक कॅन ओट्याखाली, एकटा. त्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली. तो आमच्या वाड्याचा आणि भिल्लांच्या वस्तीचा, भिलाटीचा. आमच्या बायकांनी सगळ्यांचं दूध घालून होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. मग सेंटरवाला लांबूनच हात करायचा. बायकांनी आपल्या हाताने दूध त्या कॅनात ओतायचं, तो फक्त आकडा लिहायचा. बऱ्याच बायकांनी कंटाळून दूध बंद केलं होतं. हायवेवरचे हॉटेलवाले घ्यायचे. पैसे कमी द्यायचे, पण ट्रकवाल्यांच्या चहात कुणाचं दूध आहे हे कुणी विचारत नव्हतं.

दूध कमी होण्याचं कारण हे होतं. प्रत्येक गावात थोड्याफार फरकाने तेच.

माझ्या मायनेही बंद केलं होतं. सरकारी योजनेतून मिळालेली एकच म्हैस होती आमची. मी दारात उभी राहून मायला कागदावरचा प्रश्न वाचून दाखवला, अगदी शुद्ध मराठीत. आपण डेअरीला दूध देणे का बंद केले? माय माझ्याकडे बघतच राहिली. पोरीला ऊन लागलं की काय, असं तिला वाटलं असणार. मग म्हणाली:

"दूध म्हैसनं शे, मनं नही. म्हैसले कोनी जात इचारस का? मंग न्यारा कॅन कसाले?"

मी ते जसंच्या तसं उतरून घेतलं. नावाच्या जागी लिहिलं, 'एक महिला उत्पादक'. माझी माय. गटातल्या कुणाला ही बाई माझी कोण ते कळू नये म्हणून मी तिचं नाव खाल्लं. तिने विचारलं, काय लिखस? मी म्हणाले, काही नही.

मग मी तालुक्याच्या शीतकेंद्रावर गेले, गावोगावचं दूध गार करून ठेवतात तिथे. तिथे गाडीतून कॅन उतरत होते. चिंधीचे आणि बिनचिंधीचे, सगळे एका टाकीत ओतले जात होते. गावात एवढा विटाळ, आणि इथे एकच टाकी. मला हसू आलं.

मी सगळं लिहून सरांना दिलं. माझ्या मनात एवढंच होतं, की ही गोष्ट शेठजींच्या कानावर गेली पाहिजे. सेंटरवाला आमच्या बायकांचं ऐकणार नव्हता. पण कॅन शेठजींचा होता, त्यांनी एक शब्द टाकला असता तर चिंधी सुटली असती. सरांनी ती पानं चाळली आणि पेन्सिलीने आडवी रेघ मारली. हा सामाजिक प्रश्न आहे, म्हणाले, आपण मॅनेजमेंट शिकतोय. क्लायंटला असलं काही सांगायचं नसतं. निखिलने त्यातली मायची वाक्यं मात्र ठेवली. त्याला ती मजेदार वाटली. त्यावर इंग्रजीत मथळा घातला. मराठीत त्याचा अर्थ, 'उत्पादकांचे गैरसमज'.

तो मथळा लिहिला कुणी? मी. जांभळ्या पेनाने, वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून. मार्कांची भीती होती, सरांची भीती होती, आणि माझ्या तोंडातल्या गावाची सगळ्यात जास्त.

जळगावला शेठजींच्या ऑफिसात कूलर लावला होता. वाळ्याचा गार वास. पडदे ओढून अंधार केला होता. शेठजी, त्यांचे दोन मुलगे, मॅनेजर आणि सर अशी माणसं समोर बसली होती. शेठजी तसे बोलायला गोड. मला म्हणाले, बेटी, प्रोजेक्टर गरम होतो, हात सांभाळ. शिपायाने सगळ्यांना केशर घातलेल्या थंड दुधाचे ग्लास दिले. मलाही दिला. मी तो टेबलाखाली ठेवून दिला.

निखिल बोलत होता. चुटकी, पुढची. चुटकी, पुढची. तो माझ्याकडे बघतही नव्हता. हात मागे करायचा आणि बोटं वाजवायचा, हॉटेलात पोऱ्याला बोलवावं तसं. मी बदलत होते. दोन महिने उन्हात फिरून आणलेलं सगळं माझंच होतं, माझ्याच अक्षरात भिंतीवर पडत होतं, आणि माझं काम होतं चुटकी ऐकायचं.

मग 'गैरसमज' आलं. निखिलने खांद्यावरून पदर ओढल्यासारखं केलं. मान वाकडी केली, आवाज नाकात घेतला आणि हेल काढून म्हणाला, "म्हैसले कोनी जात इचारस का?" त्याच्या पुढचं कॅनचं वाक्य भिंतीवर होतं, ते त्याने वाचलंच नाही. खोलीत एकच हशा उठला. शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. सर रुमाल तोंडाला लावून हसत होते.

आणि मीही हसले.

सगळ्यांबरोबर, दात दाखवून. ते हसू तोंडावर कसं आलं मला सांगता येत नाही. माझ्या मायची नक्कल चालली होती आणि मी प्रोजेक्टरच्या उजेडात बसून हसत होते. त्या उजेडात माझे हात दिसत होते. मायसारखेच काळे, नखांजवळ चिरलेले. हातांकडे नजर गेली आणि हसू तोंडातच वाळलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. शाळेत पाण्याच्या माठापासून दूर हाकललं होतं, तेव्हाही नाही.

निखिलने चुटकी वाजवली.

मी हात मांडीवर ठेवले.

पुन्हा चुटकी. मग त्याने मागे वळून पाहिलं. सर दबक्या आवाजात म्हणाले, पुढची, पुढची.

"ती मनी माय शे," मी म्हणाले.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ओट्याखालचा कॅन, लाल चिंधी, लांबून हात करणारा सेंटरवाला, हायवेवर गेलेलं दूध. आरशासमोर घोकलेलं मराठी त्या वेळी एक अक्षर कामाला आलं नाही. जे आलं ते मायच्या बोलीत आलं आणि त्या खोलीत ते सगळ्यांना कळलं. शीतकेंद्रावर एकच टाकी आहे, हेही सांगितलं. मग शेठजींकडे बघून म्हणाले:

"तुमना हातमा जो गिलास शे, त्यामा आमना वाडानं बी दूध शे."

शेठजी रागावले नाहीत. त्यांनी अर्धा भरलेला ग्लास हळूच टेबलावर ठेवला. खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली.

सगळ्यांनी ते पाहिलं. निखिलने त्याच्या पुढचा ग्लास आधी उचलला होता, तो त्याने परत ठेवला. सरांचा पिऊन झाला होता.

मग मी बोटाला थुंकी लावली आणि प्रोजेक्टरवरच्या मथळ्यावरून फिरवली. शाई पाण्याची होती. भिंतीवर माझं बोट खांबाएवढं दिसलं. 'गैरसमज'चा जांभळा चिखल झाला. खाली मायची वाक्यं तेवढी राहिली.

परतताना सरांच्या गाडीत माझ्यासाठी जागा नव्हती. सर म्हणाले, तू कॉलेजची अब्रू घालवलीस. मी एसटी धरली, धुळ्याला उतरले नाही, तशीच गावी गेले. माय म्हशीला पाणी दाखवत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मनं बोलनं आयकीसन हसनात त्या?" तिने विचारलं.

"हां."

"आनि तू?"

"मी बी हसनी, माय. पयले मी बी हसनी."

ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते गप्प राहणं मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचंही नाही.

पुढे अहवाल बांधून आला. शेवटच्या पानावर चौघांच्या सह्या हव्या होत्या. कॅनचा त्यात उल्लेख नव्हता. सरांनी मला वर्गात बोलावून पेन पुढे केलं. एका सहीने काय बिघडतं, म्हणाले, वर्ष वाया जाईल तुझं. सगळा वर्ग ऐकत होता, तालमीच्या दिवसासारखाच.

"कॅन शे असं लिखा," मी म्हणाले. "मंग सही करसू."

मागच्या बाकावर कुणी बकरी हाकली नाही. अहवाल तीन सह्यांवर गेला. निखिलला त्याच डेअरीत नोकरी लागली. माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मी एकटीने नवा प्रोजेक्ट केला आणि जेमतेम पास झाले. आमच्या सेंटरवर कॅन तसाच राहिला, जुनी चिंधी कुजली की नवी बांधली जायची.

म्हणून मी हे लिहिते आहे. माझं अक्षर अजून चांगलं आहे, पण ते आता कुणाच्या चुटकीवर चालणार नाही. माझ्या मायवर मी पुन्हा हसणार नाही आणि ती माझी माय आहे हे लपवणारही नाही. तोंडातलं गाव तोंडातच राहील. जिथे ओट्याखाली वेगळा कॅन दिसेल तिथे ते तोंड उघडेन. समोरच्याने ग्लास खाली ठेवला तरी बोलत राहीन.