चेटकिणीचं वकीलपत्र

दुसऱ्यांच्या वाटचं रागावून घेण्याचं काम देवाने या जगात एकाच माणसाकडे सोपवलं आहे, आणि तो माणूस रोह्याजवळ अष्टमीला राहतो. माझ्या बायकोचे ते मामा. स्वतःसाठी त्यांना कधी राग आलेला मी पाहिला नाही. इस्त्रीवाल्याने त्यांचा लग्नातला कोट जाळला, तेव्हा ते त्याच्यासमोरच भोकातून बोट बाहेर काढून हसत बसले होते. पण वडखळच्या नाक्यावर कुणा अनोळखी माणसाची गाडी खड्ड्यात आपटली, की मामांचा दिवस संपला. मग रस्ता करणारा, तो पास करणारा आणि त्यावरून निमूटपणे जाणारा, अशा सगळ्यांचा ते पार रोह्यापर्यंत उद्धार करीत जातात. गाडी कुणाची होती हे त्यांना ठाऊकही नसतं.

एकदा पनवेलहून रोह्याच्या गाडीने येताना डब्यात एक कुटुंब बोचकी घेऊन चढलं. त्यांची बोली कुणाला कळेना. एक गृहस्थ म्हणाले, या बाहेरच्या लोकांनी सगळं भरून टाकलंय. मामांनी त्या गृहस्थांना विचारलं की तुम्ही काय डब्यातच जन्मलात का, आणि तशाच तिरमिरीत, "अशा माणसांबरोबर मी बसणार नाय" असं जाहीर करून ते जिते स्टेशनात उतरले. बेत शेजारच्या डब्यात चढण्याचा होता. तोवर गाडी गेली. मग मला पेणला फोन आला. मी स्कूटर घेऊन जित्याला पोहोचलो, तर मामा बाकावर बसलेले आणि अजून त्या गृहस्थांशी भांडत होते. गृहस्थ एव्हाना घरी जेवायला बसले असतील.

रोह्यात मामांची पूर्वी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या आणि त्या गाळ्यात आता झेरॉक्सचं मशीन आहे. मामांचा जीव मात्र मुलांच्या जादूच्या सिनेमांतच अडकून राहिला. परदेशातले, हिंदीत बोलणारे जुने सिनेमे. बोलणारी झाडं, उडणारे पलंग, डोंगरापल्याडचं राज्य. रविवारी दुपारी ते हॉलचे पडदे ओढून घेत, बिल्डिंगमधली पोरं सतरंजीवर बसवत आणि सिनेमा लावत. माझी मुलगी त्या सिनेमासाठी दर रविवारी मला पेणहून अष्टमीला ओढत नेई.

मात्र मामांबरोबर सिनेमा बघणं सोपं नव्हतं. वाईट पात्राचा प्रवेश झाला, की मामा रिमोट उचलून सिनेमा थांबवत. पडद्यावर वाकड्या नाकाची म्हातारी गावाच्या वेशीत एक पाय टाकून ताटकळत उभी राही आणि मामा तिचं वकीलपत्र घेत. "हिनं काय केलंय अजून? आत्ता तर आली. मग हे भीतीचं संगीत कशाला? पोरं का रडतायत? नाक वाकडं हाय म्हणून?" गावातले सगळे गुणी, आणि जे काही वाईट ते डोंगरापलीकडून येतं, हे त्यांना अजिबात पटत नसे. वेगळ्या भाषेत बोलणारा, वेगळे कपडे घातलेला, मिठाई घेऊन दारोदार फिरणारा, असा जो कुणी येईल तो पोरं पळवणारा कसा निघतो, असं ते विचारत. एकदा माझी मुलगी वैतागून म्हणाली की शेवटी ती म्हातारीच गाव जाळते, मी पाहिलाय हा सिनेमा. मामांनी तिच्याकडे वळून अगदी समजुतीच्या सुरात विचारलं, "अगो, पण आधी तिला गावाबाहेर कोणी ठेवलं?" मुलगी विचारात पडली. बाकीची पोरं चिवडा खात राहिली.

मी एकदा म्हणालो, मामा, एवढा राग येतो तर बघता कशाला? ते माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी जेवू नका म्हणालो. म्हणाले, "आवडतात म्हणून तर राग येतो, जावई. परक्याच्या सिनेमावर कोण चिडेल? हे माझे सिनेमे हायत." आणि खरोखरच शेवटी हरवलेलं पोर घरी पोचलं, की सगळ्यांआधी डोळे पुसणारे तेच असत.

गेल्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरू लागले. रोज नवा फोटो, रोज नवं गाव. बिल्डिंगच्या ग्रुपवर सकाळी फुलांच्या शुभेच्छा टाकणारी माणसं दुपारी 'अनोळखी दिसल्यास सोडू नका' असं टाकत होती. अशाच एका रविवारी आम्ही वर सिनेमा बघत असताना खालून आरडाओरडा ऐकू आला. मी आणि मामा खाली गेलो.

गेटपाशी घोळका होता आणि मधे एक बाई उभी होती. पंचविशीची असेल. साडी नेसण्याची तऱ्हा आपल्याकडची नव्हती. ओठ फुटला होता. बिल्डिंगमधला एक छोटा सायकलवरून पडला, तिने त्याला उचलून उभं केलं आणि गुडघ्यावरची माती झाडली, एवढंच घडलं होतं. वरून कुणीतरी बघितलं आणि ओरडलं. ती काय सांगत होती ते कुणालाही कळत नव्हतं, आणि कळत नाही हाच तिचा गुन्हा ठरला होता. कुणीतरी तिची पिशवी हिसकावून जमिनीवर ओतली होती. कांदे गडगडत गेले होते आणि दुधाची पिशवी फुटून दूध फरशीवर पसरलं होतं.

आता मामांचा स्फोट होणार म्हणून मी बाजूला सरकलो. पण मामा त्या दुधाकडे बघत नुसते उभे राहिले. मग ते खाली बसले. त्यांचे गुडघे दुखतात, ते खाली कधी बसत नाहीत. बसून एकेक कांदा गोळा करू लागले. कांदे पिशवीत भरून झाल्यावर भिंतीचा आधार घेत ते उठले आणि त्यांनी विचारलं, "पिशवी कोणी ओतली?"

सोसायटीचे सेक्रेटरी पुढे झाले. म्हणाले, मामा, मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, बाहेरची माणसं कशी असतात तुम्हाला माहीत नाही.

"बाहेर म्हणजे कुठनं?" मामा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "रेघ दाखव मला. तुझा बाप घाटावरनं वळकटी घेऊन कंपनीत लागायला आला, तेव्हा आमच्या पडवीत निजला. त्याची वळकटी आम्ही ओतून नव्हती बघितली."

मामांनी बाईला वर नेलं. मामींनी तिला चहा दिला, ओठाला हळद लावली. ती खुर्चीवर बसेना, दाराजवळ जमिनीवरच बसून राहिली. सतरंजीवरची पोरं तिच्याकडे टकामका बघत होती. थोड्या वेळाने तिचा नवरा धावत आला. कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता, शिफ्ट सोडून आला होता. त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं की नुकतीच गावाहून आली आहे, दूध आणायला गेली आणि सगळ्या बिल्डिंगी सारख्याच दिसल्यामुळे वाट चुकली. जाताना तोच सगळ्यांना हात जोडून माफी मागत होता. ते आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते. तो घोळका गुंडांचा असता तर एकवेळ समजलो असतो. पण ती माणसं गणपतीत आमच्या शेजारी उभी राहून आरत्या म्हणतात, आजाऱ्याला डबा पोचवतात. इतकी चांगली माणसं एवढ्या लवकर इतकी वाईट होऊ शकतात, आणि संध्याकाळी परत चांगली होऊन घरोघरी टीव्ही बघत बसतात.

त्या दिवशी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. मामांची माणसं मूळची खाडीकाठच्या मिठागरावरची. मामा लहान असताना बांध फुटून खारं पाणी घरात शिरलं आणि सगळे आत एका भातशेतीच्या गावात आले. दोन्ही गावं याच मुलखातली, देव एकच, तरी तिथे ते खारातले म्हणून परके. वालाच्या शेंगा चोरल्या म्हणून चार लोकांत त्यांच्या आईला पदर झटकायला लावला. पदरात भाजलेले चिंचोके निघाले. "ते कधी बोलत नायत त्याबद्दल," मामी म्हणाल्या. "तुम्ही पण काढू नका."

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर आलं की रविवारचा सिनेमा मुलांच्या मनावर चुकीचा परिणाम करतो, मुलांनी परक्यांपासून सावधच राहायला हवं. पोरं यायची थांबली. मामांनी त्यावर वाद घातला नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. महिन्याभराने मामी आणि ते त्या जोडप्याची खोली शोधत गेले, बरोबर भाकऱ्या आणि सुकटीची चटणी होती. खोलीला कुलूप होतं. शेजारच्याने सांगितलं, गावी गेले, बाई इथे राहायला तयार होईना.

परवा संध्याकाळी मी आणि मामा अष्टमीच्या पुलावर उभे होतो. कुंडलिकेला भरती लागली होती. मी त्यांना मुद्दाम डिवचत होतो. पुलाच्या कठड्याबद्दल, रस्त्याबद्दल, नव्या ठेकेदाराबद्दल बोलत होतो, पण ते नुसते हूं हूं करत पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जावई, त्या दिवशी एवढं सगळं झालं. चहा झाला, हळद झाली. तिचं नाव काय होतं रे?"

मला ठाऊक नव्हतं. मामींनाही नसावं, त्या तिला बाई बाई म्हणत होत्या.

"नाव तरी विचारायला हवं होतं," मामा म्हणाले. पुलावरून एक ट्रक गेला आणि कठडा थरथरला. त्यांनी कठड्याकडे बघितलंही नाही. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही घराकडे निघालो.