लांब काडतुसाची अ‍ॅक्शन आणि बंदूकवाले काका

बंदूकवाले काका बोलता बोलता उजवा हात हवेत चालवायचे. मूठ वर, मागे, पुढे, खाली. समोर चहा असो की वर्तमानपत्र, रायफलीचा बोल्ट मागेपुढे केल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. फोर्टातल्या एका दुकानात त्यांनी उभं आयुष्य परवान्याच्या बंदुका दुरुस्त करण्यात घालवलं होतं. माझी ओळख झाली तेव्हा मात्र ते मुलुंडला, आमच्या वरच्या चौथ्या मजल्यावर बंद होते.

बंद म्हणजे खरोखरच बंद. इमारतीला लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे गेलेले. एकदा एकटेच उतरायला गेले आणि जिन्यात पडले. तेव्हापासून त्यांची सून ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावायची. एक किल्ली माझ्याकडे असे. दुपारी जेवण गरम करून द्यायला मी जायचे. "ती वाईट नाही गं," काका म्हणायचे. "तिच्या जागी मीही कुलूपच लावलं असतं." मग खिडकीकडे तोंड करून जेवायचे.

माझा धाकटा भाऊ निलेश टांझानियात एका शेतावर व्यवस्थापक म्हणून गेला. शेताला लागून जंगल, आणि रानरेडे पिकात शिरायचे. मालकाने परवाना काढून दिला, दोन जुन्या रायफली समोर ठेवल्या आणि एक निवड म्हणाला. दोन्ही एकाच जाड, लांब काडतुसाच्या. एक हलकी, चकचकीत. दुसरी जड, ओरखडलेली. निलेशचं मन पहिलीवर बसलं होतं. मी त्याला काकांशी व्हिडिओ कॉलवर जोडून दिलं.

"आधी काडतूस बघायचं, मग अ‍ॅक्शन," काका म्हणाले. अ‍ॅक्शन म्हणजे नळीमागचा पोलादी सांगाडा, ज्यात काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट मागेपुढे सरकतो. "लोक उलटं करतात. रिकामी आहे ना? दाखव. आता बोल्ट काढ, आत टॉर्च मार."

हलक्या रायफलीत ते बराच वेळ बघत राहिले. "ही अ‍ॅक्शन आखूड काडतुसाची रे. लांब काडतूस बसावं म्हणून कुणीतरी आतून कानस मारलीय. बोल्टचा खालचा दात ज्या पोलादावर टेकतो तेच कमी केलंय. बार उडाला की सगळा धक्का तिथे येतो. आज धरेल. उद्याचं मी सांगणार नाही."

दुसरीची अ‍ॅक्शन मुळातच लांब होती. तिच्या बोल्टचा मोठा आकडा, म्हणजे हूक, काडतूस खालच्या मॅगझिनच्या कप्प्यातून वर येतानाच धरायचा, त्यामुळे घाबरून बोल्ट अर्धवट ढकलून मागे ओढला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नसत. काकांनी निलेशला बिनदारूची काडतुसं भरून तीस वेळा बोल्ट चालवायला लावला.

"काका, जड आहे यार ही. दिवसभर फिरायचंय मला."

"वजन खांदा सोसेल. काडतूस अडकलं तर काय करशील?"

निलेशने कुरकुरत जड रायफल घेतली.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. जखमी रानरेड्याने शेतावरच्या एका माणसाला खाली पाडलं होतं. निलेशची पहिली गोळी लागूनही रेडा थांबला नाही, दुसरीने पडला. माणूस वाचला. मी चालू फोन घेऊनच धावत वर गेले आणि काकांना सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, "बोल्ट पूर्ण मागे ओढला होता का?" निलेशला आठवत नव्हतं. "हात आपोआप चालला," तो म्हणाला. काका चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

सुट्टीवर आल्यावर निलेशने हट्टच धरला, काकांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं, मुलुंडचा बाजार दाखवायचा. सुनेनेही होकार दिला. निलेश आणि काकांचा मुलगा खुर्ची उचलून निघाले. दुसऱ्या मजल्यावर काकांनी कठडा घट्ट धरला.

"थांबा. पुरे झालं."

"काका, दोनच मजले राहिले."

"उतरेन रे. पण खालचं सगळं बघून परत वर यायचं म्हणजे... नको. आता सवय झालीय, ती मोडू नका."

आम्ही खुर्ची पुन्हा वर नेली.

काका त्यानंतर पाच महिन्यांनी गेले. निलेशचं कंत्राट संपलं नव्हतं, त्याला येता आलं नाही.  फोनवर म्हणाला, "ताई, त्या दिवशी त्यांचं ऐकायला नको होतं. न्यायलाच हवं होतं खाली."

 न्यायला हवं होतं का, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.