हातानं फिरवलेला दिवा

माझा बालमित्र सुधाकर टॉवरच्या शिडीवरून पडून गेला, हे मंदावहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी गांधीबागेतल्या माझ्या दुकानात कापड मोजत होतो. ‘पडला’ हा शब्द मला अजून पटत नाही. त्याला पाडलं.

कुही रस्त्याकडच्या एका खासगी धावपट्टीवर तो इलेक्ट्रिशियन होता. तिथं शिकाऊ वैमानिक उडतात. अंधारात त्यांना धावपट्टी दुरून सापडावी म्हणून टॉवरवर एक दिवा गोल फिरतो. एकदा पांढरा, एकदा हिरवा. एका संध्याकाळी त्याची मोटर जळाली आणि विमान अजून वरच. सुधाकर शिडी चढला आणि दिवा हातानं फिरवत बसला. आम्ही दोघं कोष्ट्यांची पोरं, मागाशेजारी वाढलेली. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याची लय हातात भिनलेली. पांढरा, हिरवा, पांढरा, हिरवा... ठोका चुकला नाही. विमान सुखरूप उतरलं.

तिथंच घात झाला. धावपट्टीच्या साहेबांनी पाठ थोपटली आणि मोटरचं नाव काढलं नाही. आयता हात मिळाल्यावर मोटर हवी कुणाला!

मी चिडून विचारलं होतं, “काहून रोज चढून राहिला गा तू? मोटर मांग ना त्याहीले!”

“मांगतली ना. पण पायलट आभायात असते, त्याले कसं सांगू, थांब म्हणून?” असं म्हणून तो हसला. त्या हसण्याचाही मला राग आहे.

शोकसभेत साहेब म्हणाले, सुधाकररावांनी कर्तव्यासाठी देह ठेवला. शिडी ओली होती, कमरेला पट्टा नव्हता, याबद्दल चकार शब्द नाही. मंदावहिनी उठली.

“साहेब, मोटर बसवली काय?”

“ऑर्डर गेली आहे,” साहेब पुटपुटले. त्यांनी पुढं केलेलं सन्मानचिन्ह तिनं घेतलं नाही. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

परवा दिवेलागणीला त्याच रस्त्यानं येत होतो. दिवा फिरत होता. गाडी बाजूला घेऊन पाहत राहिलो. हिरवा वेळेवर आला, पांढरा रेंगाळला, मग दोन्ही घाईघाईनं... मोटर अशी अडखळत नाही. सुधाकरही कधी अडखळला नाही. वर दुसरं कुणीतरी बसवलंय, ज्याला मागाची लय ठाऊक नाही. शिडी मात्र तीच आहे.